डॉक्टरांना सांगू का, आणि कोणत्या डॉक्टरांना?

नमस्कार ताई,
मी २२ वर्षांचा आहे. गे आहे. हे चार मित्रांना ठाऊक आहे, घरी नाही. गेले तीन आठवडे शौचाच्या जागी दुखतंय, मधूनच चिकट स्राव येतो, एकदा रक्तही दिसलं. लहानपणापासूनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मूळव्याध समजून मलम दिलं. बाकीचं सांगायला माझी जीभच उचलली नाही. फरक पडेना म्हणून एका अनोळखी डॉक्टरांकडे गेलो आणि धीर करून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, "हे नाद कशाला लावून घेतलेस?" म्हणाले. तपासलं नाहीच. एचआयव्ही आणि लघवीची तपासणी लिहून दिली आणि 'यातून बाहेर काढतील' म्हणून एका मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले, त्रास आहे तसाच आहे. आता कुठल्याच दवाखान्याची पायरी चढावीशी वाटत नाही. आम्हाला समजून घेणारा डॉक्टर असतो का कुठे? असला तर शोधायचा कसा? विमा वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे घरी कळेल ही भीती वेगळीच. आणखी एक. माझी एक मैत्रीण ट्रान्स आहे. ती कुणाला न दाखवता नेटवरून मागवलेल्या हार्मोनच्या गोळ्या घेते. तिला काय सांगू?
— नाव छापू नका

मित्रा,

समजून घेणाऱ्या डॉक्टरांचं नंतर बघू. आधी तुझं दुखणं.

तुझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण ते भलत्याच जागेचे आहेत. लघवीच्या तपासणीत मूत्रमार्गातला संसर्ग कळतो. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया (संबंधातून पसरणारे दोन जिवाणू-संसर्ग) गुदमार्गात झाला असेल, तर जंतू तिथेच असतात. लघवीत त्यांचा मागमूसही नसतो. त्यासाठी गुदद्वाराच्या आतून स्वॅब घ्यावा लागतो. कापूस गुंडाळलेली एक बारीक काडी दोन-तीन सेंटिमीटर आत फिरवून बाहेर काढायची, एवढंच. तोंडाने संबंध येत असतील तर घशाचाही स्वॅब घ्यायचा, कारण घशातला संसर्ग बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. लाज वाटत असेल तर एक गोष्ट तुला सोयीची आहे: गुदद्वाराचा स्वॅब दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच भरवशाचा असतो. बऱ्याच क्लिनिकमध्ये आता तशीच पद्धत आहे.

सोबत सिफिलिसची रक्ततपासणी हवीच, तोही संबंधातूनच पसरतो. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि उपचार न करताही भरून येते, म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि आजार आतल्या आत पुढे सरकतो. एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला हे चांगलंच, पण तो कधी केला हे महत्त्वाचं. प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत संसर्ग दिसायला संबंधानंतर १८ ते ४५ दिवस लागतात. शेवटचा धोक्याचा संबंध आणि तुझी चाचणी यांत तेवढं अंतर नसेल, तर ४५ दिवस झाल्यावर ती पुन्हा कर.

ही मूळव्याध नसेलच असं मी म्हणत नाही. फिशर, म्हणजे तिथे पडलेली चीर असू शकते, हर्पीस असू शकतो, एमपॉक्स या पुरळ उठणाऱ्या विषाणूजन्य आजारानेही तिथे भयंकर दुखतं. पण हे न तपासता सांगता येत नाही, आणि तुला अजून कुणी तपासलेलंच नाही. ताप आला, दुखणं सहन होईना किंवा रक्त जास्त जायला लागलं, तर वाट बघू नकोस. त्याच दिवशी जो डॉक्टर उपलब्ध असेल त्याच्याकडे जा. तिथे आवडनिवड ठेवू नकोस.

आणि मधल्या काळात कुणाच्या तरी घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक्स गिळू नकोस. गोनोरियाचे जंतू एकामागून एक औषधांना निर्ढावले आहेत, म्हणून आता त्यावर बहुधा इंजेक्शनच देतात. क्लॅमिडियाच्या नेहमीच्या संसर्गाला डॉक्सिसायक्लिन ७ दिवस पुरतं, पण त्याच जंतूचा एलजीव्ही नावाचा प्रकार असेल तर तेच औषध २१ दिवस घ्यावं लागतं. हा प्रकार नेमका गुदमार्गात दुखणं, स्राव, रक्त अशी लक्षणं घेऊन येतो. अर्धवट औषधाने तो दबतो, जात नाही. रिपोर्ट येईपर्यंत संबंध टाळ, आणि काही निघालं तर ज्यांच्याशी संबंध आले त्यांना कळव. कळवायला अवघड वाटलं तर काही क्लिनिक तुझं नाव न सांगता त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवतात. तसं विचारून बघ.

आता तुझा प्रश्न. असा डॉक्टर असतो का? असतो. पण तू त्याला जिथे शोधतोयस तिथे तो सापडेलच असं नाही. तू मायाळू माणूस शोधतोयस. मी म्हणेन, आधी काम जाणणारा माणूस शोध. माया त्याच्यापाठोपाठ बऱ्याचदा येते. नाही आली तरी तुझं दुखणं बरं होतं. नुसती माया असलेल्या डॉक्टरकडे मात्र दुखणं तसंच राहू शकतं. तुझ्या जुन्या डॉक्टरांचंच बघ ना. ते प्रेमळच असणार. पण मलमावर भागलं.

मग जाण्याआधी एक खडा टाकून बघायचा. फोन लावायचा आणि विचारायचं: "गुदमार्गाने संबंध आल्यानंतर मला त्रास होतोय. तुमच्याकडे गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी रेक्टल स्वॅब आणि घशाचा स्वॅब घेतात का? सिफिलिसची चाचणी होते का?" नाव सांगायची गरज नाही. वाटलं तर मित्राला फोन करायला सांग. पलीकडून "हो, अमुक वेळेला या" असं सपाट आवाजात उत्तर आलं, तर ते दार उघडं आहे असं समज. रिसेप्शनवरचा माणूस गडबडला पण "डॉक्टरांना विचारून सांगतो" म्हणाला, तरी हरकत नाही. फोनवर हसू ऐकू आलं, शेजारच्याला मोठ्याने सांगणं ऐकू आलं, किंवा "लघवी तपासली की सगळं कळतं" असं ठणकावून सांगितलं, तर फोन ठेव आणि पुढचा नंबर लाव. या एका प्रश्नातून ज्ञान कळतं आणि वागणूकही. तीही तुला खोलीत बसून अपमान गिळायला न लागता.

फोन कुठे लावायचे? सगळ्यांत आधी लैंगिक आजारांची क्लिनिक आणि एचआयव्ही तपासणी केंद्रं. अशा ठिकाणांबद्दल लोकांना उगाच भीती असते. तिथल्या लोकांनी हे दिवसभर ऐकलेलं असतं, तुझ्या वाक्याने कुणाची भुवईही हलत नाही. एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे बहुधा तोंडी यादी असते. ती छापलेल्या यादीपेक्षा बरी, कारण 'त्या डॉक्टर चांगल्या आहेत पण रिसेप्शनवरचा माणूस आगाऊ आहे' अशी माहिती फक्त तिथेच मिळते. विद्यापीठात शिकत असशील तर तिथलं आरोग्य केंद्र बघ. जीएलएमए ही एलजीबीटीक्यू आरोग्यासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांची अमेरिकेतली जुनी संस्था आणि ट्रान्स आरोग्यावर काम करणारी डब्ल्यूपॅथ ही जागतिक संघटना, दोघींच्या डॉक्टर-सूची ऑनलाइन बघता येतात. पण सूचीत नाव असलं म्हणजे हमी मिळाली असं नव्हे. खडा तिथेही टाकायचाच. गावात एकच डॉक्टर असेल तर व्हिडिओवरून सल्ला देणारे डॉक्टर शोध. चिठ्ठी त्यांच्याकडून आणि स्वॅब जवळच्या लॅबमध्ये, असं जमतं. दारावर इंद्रधनुष्याचं स्टिकर दिसलं तर बरं वाटतं हे खरं. पण स्टिकर लावायला एक मिनिट लागतो, स्वॅब कुठून घ्यायचा हे शिकायला जास्त वेळ लागतो.

खोलीत गेल्यावर चांगला डॉक्टर कसा ओळखायचा? तो "सिगारेट ओढतोस का?" ज्या आवाजात विचारतो, त्याच आवाजात विचारतो, "संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?" बरोबर कुणी आलं असेल तर हा प्रश्न विचारण्याआधी त्यांना बाहेर बसायला सांगतो. हात लावण्याआधी काय करणार आहे ते सांगतो. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी खूण म्हणजे, माहीत नसेल तर तसं कबूल करतो: "याचा मला फारसा अनुभव नाही, बघून उद्या सांगतो." असा डॉक्टर मिळाला तर सोडू नकोस. सगळं आधीपासून ठाऊक असलेला डॉक्टर सगळ्यांच्या नशिबी नसतो; शिकायची तयारी असलेला बऱ्याच जणांना मिळू शकतो.

उलट खुणाही असतात. दुखणं कानाचं आणि प्रश्न 'तुला हे केव्हापासून वाटतं?' असा. किंवा सर्दी-खोकला घेऊन गेलं तरी पहिली चिठ्ठी एचआयव्हीची. ट्रान्स लोक तर या प्रकाराला 'मोडलेल्या हाताचा आजार' म्हणतात: हात मोडून गेलात तरी डॉक्टर म्हणणार, हार्मोनमुळे झालं असेल.

एक प्रकार मात्र फसवा असतो, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. "मला काही फरक पडत नाही, माझ्यासाठी सगळे पेशंट सारखेच" असं म्हणणारा डॉक्टर. ऐकायला गोड वाटतं. मनाने तो चांगलाही असतो. पण सगळे सारखेच मानले की सगळ्यांना तपासण्याही सारख्याच लिहिल्या जातात आणि तुझा स्वॅब राहून जातो. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या मुलींना असे डॉक्टर गर्भधारणेची चाचणी आधी लिहितात आणि मग, पुरुषाशी संबंध नाही हे कळल्यावर, गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नाही म्हणून परत पाठवतात. हे चूक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याने होतो तो एचपीव्ही हा विषाणू त्वचेच्या संपर्कातून पसरतो, दोन स्त्रियांमध्येही पसरतो, त्यामुळे ठरावीक वय झालं की ती तपासणी त्यांनाही लागते. ट्रान्स पुरुषाचं, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेल्या पुरुषाचं, गर्भाशयमुख असेल तर त्यालाही लागते. आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेताना पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं कुणी समजू नये. ते गर्भनिरोधक नव्हे. ट्रान्स स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली असली तरी प्रोस्टेट ग्रंथी सहसा आतच असते. थोडक्यात, जो अवयव शरीरात आहे त्याची काळजी घ्यायची. केस पेपरवर पुरुष लिहिलंय की स्त्री, यावर ती ठरवायची नाही. हे ज्या डॉक्टरला उमगलं, त्याला बाकीचं शिकवावं लागत नाही.

मग डॉक्टरांना सांगायचं की नाही? माझं सरळ मत: ज्या गोष्टीने उपचार बदलतो, ती सांगायची. बोट मोडलं असेल तर तू कुणावर प्रेम करतोस याच्याशी हाडाचं काही देणंघेणं नाही. तुझ्या आत्ताच्या दुखण्यात मात्र सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. पण काय सांगायचं ते नीट बघ. 'मी गे आहे' हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर ते सांगू नकोस. डॉक्टरला उपयोगी पडणारं वाक्य वेगळंच आहे: "माझे संबंध पुरुषांशी येतात, गुदमार्गाने आणि तोंडाने. शेवटचा अमुक दिवशी. कंडोम वापरला होता किंवा नव्हता." यात तुझी ओळख नाही, तुझं आयुष्य नाही, फक्त माहिती आहे. बोलता येत नसेल तर कागदावर लिहून टेबलावर सरकव. त्यात कमीपणा काही नाही, उलट डॉक्टरचा वेळ वाचतो. मनाच्या दुखण्यासाठी गेलास तर गोष्ट वेगळी. तिथे हातचं राखून सांगितलंस तर सल्लाही अर्धाच मिळेल.

एक सावधगिरी. आजही साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकांनी सांगण्याआधी 'हे कागदावर काय लिहिणार?' हे विचारावं, आणि जिथे निनावी तपासणी होते तिथेच जावं.

आता पेन खाली ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांकडे वळू. तुला वाटलं असेल की ते वैद्यकशास्त्राच्या वतीने बोलले. नाही. ते स्वतःच्या वतीने बोलले. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ साली काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. जगभरच्या डॉक्टरांची शपथ मानल्या जाणाऱ्या जिनिव्हा घोषणेच्या २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की पेशंटचा लैंगिक कल डॉक्टरच्या कर्तव्याच्या आड येऊ देणार नाही.

जाता जाता सांगते, यादीतून ते नाव काढायलाही डॉक्टरांनाच झगडावं लागलं. १९७२ साली डॅलसमध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या वार्षिक सभेत जॉन फ्रायर नावाचे एक डॉक्टर मुखवटा आणि विग घालून, आवाज बदलणाऱ्या मायक्रोफोनवर बोलले. 'मी समलैंगिक आहे, मी मनोविकारतज्ज्ञ आहे.' नाव उघड झालं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत 'डॉ. एच. अॅनॉनिमस' असं लिहिलं होतं. म्हणजे टेबलाच्या पलीकडेही तुझ्यासारखी माणसं असतात, आणि तीही कधीकाळी तुझ्यासारखीच गप्प बसली होती.

'यातून बाहेर काढणाऱ्या' त्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करू नकोस. लैंगिक कल बदलणारा उपचार अस्तित्वात नाही. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने २०१२ साली आणि जागतिक मनोविकार संघटनेने २०१६ साली असे उपचार निराधार आणि घातक असल्याचं जाहीर केलं आहे. ज्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या २००३ च्या शोधनिबंधाचा दाखला हे उपचार करणारे वर्षानुवर्षं देत आले, त्यांनी स्वतःच २०१२ साली तो अभ्यास सदोष होता म्हणून माफी मागितली. या उपचारांतून गेलेल्या लोकांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढलेले दिसतात. तरीही तुला बोलायला कुणी तरी हवं असेल, आणि हा महिना तुला एकट्याने काढायला लागला हे बघता ते असलेलं बरं, तर समुपदेशकाला पहिल्याच फोनवर विचार: "लैंगिक कल बदलण्याबद्दल तुमचं मत काय?" उत्तर 'तो बदलायचा नसतो' यापेक्षा लांबलं, की समजून जा. कधी रात्री फारच अंधारून आलं तर 'फाइंड अ हेल्पलाइन' या संकेतस्थळावर देशानुसार हेल्पलाइन सापडतात.

त्या डॉक्टरांची तक्रार करायची का? तुझी इच्छा. करायची असेल तर तारीख आणि त्यांचे नेमके शब्द आजच लिहून ठेव, कारण पुढे आठवण पुसट होते. पण तक्रार केली नाहीस म्हणून तू भित्रा ठरत नाहीस. आधी बरा हो.

घरी कळण्याचं म्हणशील, तर तुझी भीती अगदी बरोबर जागी आहे. डॉक्टर घरी फोन करतील ही शक्यता कमी. तू सज्ञान आहेस आणि गोपनीयता हा डॉक्टरी पेशाचा पाया आहे. गोष्टी फुटतात त्या कागदांतून. विम्याचा दावा केला की त्याचा हिशेब बहुधा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातो, आणि त्यात तपासणीचं नाव असू शकतं. म्हणून या तपासण्या विम्यात घालू नकोस. सार्वजनिक किंवा स्वयंसेवी केंद्रांत त्या अनेकदा मोफत किंवा अगदी कमी पैशांत होतात. लॅबमध्ये फॉर्म भरताना फोन नंबर आणि ई-मेल तुझाच दे. घरच्यांनी पूर्वी तुझ्या नावाने खातं उघडलेलं असेल तर लॅबच्या जुन्या नोंदीत त्यांचाच नंबर असतो, आणि रिपोर्टचा मेसेज थेट त्यांच्या फोनवर जाऊन पडतो. तो बदलून घे. औषधं मागवायचं अॅप घरात सगळ्यांचं एकच असेल तर त्यावरून काही मागवू नकोस. डॉक्टरांना तोंडावर विचार: "हे माझ्या घरी कुणाला सांगणार नाही ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. काही संसर्गांची नोंद अनेक देशांत आरोग्य खात्याकडे करावी लागते, हे मात्र खरं. ती खात्याकडे जाते, घरी नाही.

एकदा नीट डॉक्टर सापडला की त्याच भेटीत बाकीचंही उरकून घे. हेपॅटायटिस ए आणि बी च्या लशी, एचपीव्हीची लस. एचपीव्हीची लस मुलींचीच असा समज आहे, पण त्याच विषाणूने गुदद्वाराचा आणि घशाचाही कर्करोग होतो, आणि २२ व्या वर्षी ती घ्यायला उशीर झालेला नाही. प्रेपबद्दल विचार: एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. नियमित घेतली तर संबंधातून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. सुरू करण्याआधी एचआयव्ही आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. बाकीचे लैंगिक संसर्ग ती अडवत नाही, ते काम कंडोमचं. कंडोम फाटला किंवा राहून गेला, तर पेप नावाचा २८ दिवसांचा औषधक्रम असतो. तो ७२ तासांच्या आत सुरू करायला लागतो, आणि जितक्या लवकर तितका चांगला. तेव्हा डॉक्टर शोधत बसायचं नाही, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

आणि पुढची चाचणी पॉझिटिव्ह येईल या भीतीने टाळाटाळ करत असशील, तर हे ऐक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांकडे पाहिलं गेलं. प्रत्येक जोडप्यात एक जण एचआयव्हीबाधित, पण औषधाने विषाणू न सापडण्याइतका दबलेला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याची घटना एकही नाही. ज्याची तपासणी झाली त्याला औषध मिळतं आणि त्याच्यापासून जोडीदारालाही धोका उरत नाही. दुखणं अंगावर काढणाऱ्याचं नुकसान मात्र दोन्हीकडून होतं.

राहिली तुझी मैत्रीण. तिला 'बंद कर' म्हणून सांगू नकोस. ती बंद करणार नाही, आणि पुढच्या वेळी तुलाही सांगणार नाही. डॉक्टरांकडे जायला ती का कचरते हे तू दुसऱ्या कुणापेक्षा जास्त जाणतोस. तेव्हा आधी विचार, गोळी नेमकी कोणती? तिच्यात एथिनिल एस्ट्राडिऑल असेल, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं ते, तर त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो, आणि ती सिगारेट ओढत असेल तर आणखीच. ट्रान्स स्त्रियांसाठी डॉक्टर आता ते वापरत नाहीत, साधं एस्ट्राडिऑल देतात. सोबत स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पुरुषी हार्मोन अडवणारी गोळी, घेत असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, ते तपासायला हवं. इंजेक्शन घेत असेल तर सुई दर वेळी नवी आणि फक्त तिची.

डॉक्टरांना 'हार्मोन लिहून द्या' म्हटलं की बरेच जण दचकतात. त्यापेक्षा तिने जाऊन असं सांगावं: "मी ही औषधं आधीपासूनच घेते आहे. ती लिहून द्या असं म्हणत नाही, फक्त रक्त तपासून सुरक्षित आहे का ते सांगा." याला नाही म्हणणारे डॉक्टर कमी भेटतात. एस्ट्राडिऑल, टेस्टोस्टेरॉन, पोटॅशियम, यकृत आणि मूत्रपिंड, एवढ्या तपासण्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतात. तिच्या डॉक्टरांना या विषयाची माहिती नसेल तर डब्ल्यूपॅथने २०२२ साली काढलेली आठवी मार्गदर्शिका ऑनलाइन मोफत आहे, ती त्यांच्यापुढे ठेवता येईल. आणि कुणी तिला मनोरुग्ण ठरवायला लागलं तर तिला हेही माहीत असू दे की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही.

एक गोष्ट मात्र तिला आजच सांग. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखून दिसायला कमी झालं, तर तातडीचा विभाग गाठायचा आणि पहिल्या वाक्यात हार्मोनचं सांगायचं. ते कसे बघतील, काय बोलतील याचा विचार तेव्हा करायचा नाही. गोळ्यांची नावं आणि डोस तिच्या फोनमध्ये लिहिलेले असू दे, आणि तिची हरकत नसेल तर तुझ्याही.